खाडीकाठचा ७५ केएलडी एसटीपी: खारे पाणी कुठून शिरते ते शोधताना

मालाड, चारकोप, वर्सोवा या पट्ट्यात खाडीच्या बाजूने भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात, एक दुखणे ठरलेले असते. प्रकल्प आठ-दहा दिवस बरा चालतो, चार-पाच दिवस बिघडतो आणि काहीही न करता पुन्हा सुधारतो. ऑपरेटर म्हणतो ‘लोड आला’, देखभालीचा कंत्राटदार म्हणतो ‘बॅक्टेरिया मेले’, कमिटी म्हणते कंत्राटदार बदला. कॅलेंडरात पौर्णिमा-अमावस्या कधी होती ते फारसे कोणी पाहत नाही.

खाली मांडलेली सोसायटी नमुन्याची आहे. या भागात पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणे तिच्यात एकत्र केली आहेत, आणि आकडे आराखड्याच्या प्रचलित मापांवरून हिशेब करून घेतले आहेत. आपल्या प्रकल्पाची मापे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

प्रकल्प कसा आहे

१२० सदनिका, दर सदनिकेला पाच माणसे, म्हणजे ६०० रहिवासी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दरडोई १३५ लिटर पाणी, त्यातले ४५ लिटर फ्लशिंगचे. घरगुती ९० लिटरपैकी ८५ टक्के आणि फ्लशिंगचे सगळे पाणी गटारात येते असे धरले, तर दरडोई १२१.५ लिटर, दिवसाला सुमारे ७३ घनमीटर. म्हणून प्रकल्प ७५ केएलडीचा, म्हणजे दिवसाला ७५ घनमीटरचा. सरासरी आवक ताशी ३ घनमीटर, सकाळी सात ते दहा तिच्या अडीच-तीन पट, पहाटे दोन ते चार जेमतेम अर्धा घनमीटर. हा पहाटेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळे उभे आहे.

रचना नेहमीची: बार स्क्रीन, तेल-चरबीची टाकी, समतोल टाकी (कमी-जास्त येणारे पाणी साठवून पुढे एकसारखे सोडणारी), एकामागोमाग दोन एमबीबीआर टाक्या (हवेने ढवळत्या पाण्यात प्लास्टिकचे तुकडे, म्हणजे मीडिया, आणि त्यावर जिवाणूंचा थर), ट्यूब सेटलर (गाळ तळाशी बसवणारी टाकी), हायपोची, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटची, मात्रा, वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर, शुद्ध पाण्याची टाकी, गाळाला फिल्टर प्रेस. समतोल टाकीची आतली मापे ४.५ × ३.५ मीटर, म्हणजे पृष्ठभाग १५.७५ चौरस मीटर. पाण्याची वापरायची खोली १.६ मीटर, साठा २५ घनमीटर, साधारण आठ तासांचा.

जीवशास्त्रीय भागाचे गणित असे. येणाऱ्या पाण्याची बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, २५० मिग्रॅ/लि धरली तर दिवसाला सुमारे १८ किलो भार. पहिल्या टाकीत मीडियाच्या दर चौरस मीटरला ६ ग्रॅम धरून ३,००० चौमी पृष्ठभाग लागतो; ४५० चौमी प्रति घनमीटरचा मीडिया घेतला तर ७ घनमीटर, आणि ४० टक्के भरावाने टाकी १७ घनमीटरची. दुसरी टाकी नायट्रिफिकेशनसाठी, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करायला, जवळपास तेवढीच. ऑक्सिजन बीओडीला दिवसाला २२ किलो, अमोनियाला आणखी ११ किलो. पाण्यात विरघळण्याची प्रत्यक्ष क्षमता १२ टक्के धरली तर ताशी ४२ घनमीटर हवा. समतोल टाकी ढवळायला आणखी ३०. ताशी ८० घनमीटरचा ट्विन-लोब ब्लोअर, एक चालू आणि एक राखीव, हे पुरेसे आहे. आराखड्यात खोट काढायला जागा नाही, आणि म्हणूनच बिघाडाचे कारण प्रकल्पाच्या आत शोधत बसले की महिने जातात.

शुद्ध केलेल्या पाण्यातले २७ घनमीटर फ्लशिंगला, चार-पाच बागेला, उरलेले महापालिकेच्या मलवाहिनीत. समतोल टाकीतून १५० मिमीचा आणीबाणीचा ओव्हरफ्लो पाइप कंपाउंडबाहेरच्या नाल्यात काढलेला, त्याच्या तोंडावर रबरी झडपेचा फ्लॅप व्हॉल्व्ह. नाला पुढे दोनशे मीटरवर खारफुटीतून खाडीला मिळतो.

बिघाड कसा दिसतो

पहिली गडबड सेटलरमध्ये. एरवी स्वच्छ असलेल्या वेअरवरून, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या काठावरून, सकाळी तपकिरी कण वाहू लागतात. गाळ कुजलेला नसतो, बुडबुडे नसतात, नुसता वर उचलला जातो. दुसऱ्या दिवशी एमबीबीआरवर पांढरा, साबणासारखा फेस. तिसऱ्या दिवशी समतोल टाकीला सडक्या अंड्यांचा वास, पोडियमवर फिरायला येणाऱ्यांच्या तक्रारी, वाळूचा फिल्टर दिवसातून तीनदा बॅकवॉश. फ्लशच्या टाक्यांतले पाणी काळपट. हायपो नेहमीची मात्रा देऊनही शेवटी शिल्लक क्लोरीन शून्य. आठवडा गेला की हळूहळू सगळे निवळते, फक्त अमोनिया महिनाभर उतरत नाही. तेवढ्यात पुढची अमावस्या येते.

अशा वेळी केले जाणारे उपाय जवळजवळ सगळे उलटे पडतात. फेस दिसला म्हणून फेसनाशक तेल ओततात. त्याने ऑक्सिजन विरघळणे कमी होते. गाळ बसत नाही म्हणून तुरटी वाढवतात. आधीच क्षारता (आम्ल झेलण्याची ताकद) कमी असलेल्या पाण्याचा पीएच आणखी घसरतो. वास येतो म्हणून काही ठिकाणी चक्क समतोल टाकीत हायपोचे कॅन रिकामे करतात, आणि जे जिवाणू तग धरून होते तेही जातात. डब्यातली ‘बॅक्टेरिया पावडर’ निदान अपाय करत नाही, पण मैलापाण्यात जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो, त्यामुळे तिच्यावर खर्चलेले पैसे वाया गेले असेच समजायचे.

निदान: वाहकता, घड्याळ आणि भरतीचे वेळापत्रक

लागते ते उपकरण एकच: वाहकता मोजणारा हातातला मीटर. पाण्यात मीठ जितके जास्त, तितकी त्याची वाहकता जास्त. काही हजारांत मिळतो. २०,००० मायक्रोसीमेन्सपर्यंत वाचणारा घ्यावा. नळाच्या पाण्यासाठीचे स्वस्त टीडीएस पेन ऐन वेळी ‘ओव्हर’ दाखवून गप्प बसते.

मुंबईचे नळाचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचे, म्हणजे मऊ. त्यामुळे निव्वळ घरगुती सांडपाण्याची वाहकता ७०० ते ९०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास राहते. समुद्राचे पाणी ५०,००० च्या वर. यावरून चटकन करायचा हिशेब: ८०० च्या वर दर ५०० मायक्रोसीमेन्सला एक टक्का समुद्राचे पाणी. वाचन ७,९०० आले तर सुमारे १४ टक्के. समुद्रात क्लोराइड १९,००० मिग्रॅ/लि आणि सल्फेट २,७०० मिग्रॅ/लि, तेव्हा टाकीत क्लोराइड साधारण २,७०० आणि सल्फेट ३८० झाले असे समजावे. मऊ पाण्याच्या सांडपाण्यात सल्फेट फारच थोडे असते. वास कुठून आला याचे उत्तर याच आकड्यात आहे, पण ते पुढे.

खारटपणा नेहमी खाडीतूनच येतो असेही नाही, म्हणून आधी बाकीचे संशयित बाजूला काढावेत. उन्हाळ्यात घेतलेले टँकरचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल तर वाहकता दिवसभर सारखीच चढलेली राहते. क्लबहाउसमधल्या वॉटर सॉफ्टनरचे मिठाचे पाणी तासाभराचा उंच सुळका देते आणि तो रीजनरेशनच्या, म्हणजे सॉफ्टनर मिठाने धुण्याच्या, ठरलेल्या वेळीच येतो. खाडीचे पाणी मात्र घड्याळ पाळत नाही, भरती पाळते: रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दोन दिवस दर तासाला घेतलेली वाचने आलेख कागदावर मांडली की तिघांपैकी कोण, ते डोळ्यांना दिसते. हे दोन दिवस एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला घ्यायचे, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येनंतरचा एखादा दिवस आणि अष्टमीनंतरचा एखादा.

मग पहाटेची चाचणी. मध्यरात्री समतोल टाकीतून उपसा करणारा पंप बंद करायचा, टाकीत आठेक घनमीटर पाणी राहू द्यायचे आणि पाच वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला मोजपट्टीने पातळी घ्यायची. १५.७५ चौमी पृष्ठभागाला एक सेंटिमीटर म्हणजे १५७ लिटर. झोपलेल्या इमारतीची आवक अर्धा घनमीटर असेल तर पातळी ताशी ३ सेंमी चढायला हवी. भांगाच्या रात्री ती ३.५ ते ४ सेंमी चढते. उधाणाच्या रात्री, भरतीच्या तासात, १२ सेंमी. म्हणजे ताशी १.४ घनमीटर पाणी असे येते आहे जे कोणत्याही नळातून आलेले नाही.

आकार पाहिला तर आणखी कळते. उधाणाच्या रात्रीच्या आलेखात दोन भाग दिसतात. एक धारदार: भरतीच्या आधी तासभर एकदम सुरू, तासभर नंतर एकदम बंद. दुसरा बोथट: भरतीनंतर दीड-दोन तासांनी शिगेला पोचणारा, ओहोटी लागली तरी रेंगाळणारा, आणि भांगालाही थोडासा शिल्लक राहणारा. पहिला उघड्या तोंडातून येणाऱ्या पाण्याचा, म्हणजे ओव्हरफ्लो पाइपचा. दुसरा मातीतून झिरपून येणाऱ्या पाण्याचा, म्हणजे फुटक्या मलवाहिनीचा किंवा चेंबरचा. माती पाण्याला वेळ लावते.

ओव्हरफ्लोची खात्री पातळीवरून करता येते, पण इथे एक खड्डा आहे ज्यात चांगले सर्वेक्षकही पडतात. भरतीच्या वेळापत्रकातली उंची चार्ट डेटमपासून असते, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून. सर्वेक्षणाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून, आणि महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम. अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे आणि उधाणाची सरासरी भरती सुमारे ४.४ मीटर. पाइपचा तळ समुद्रसपाटीच्या १.७ मीटर वर असेल तर भरतीच्या भाषेत तो ४.२ मीटर. ४.७ मीटरच्या भरतीला त्यावर अर्धा मीटर पाणी चढणार. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांची यादी जाहीर करते. त्यातल्या प्रत्येक दिवशी हा पाइप पाण्याखाली असतो. खाडीच्या आत भरतीची वेळ आणि उंची बंदरापेक्षा थोडी वेगळी पडते, म्हणून नाल्याच्या भिंतीवर रंगाने मापपट्टी काढून एक उधाण प्रत्यक्ष पाहून घेणे उत्तम.

फ्लॅप तर आहे, मग पाणी येते कसे? रबर कडक झालेले, बिजागरीला गंज, आणि पाकळीत अडकलेली एखादी प्लास्टिकची पिशवी किंवा काटकी. दोन चौरस सेंटिमीटरची फट आणि तिच्यावर ३० सेंमी पाणी एवढे झाले की ताशी एक घनमीटर आत येतो. ओहोटीला पाहायला गेलात तर फ्लॅप बंद आणि कोरडा, अगदी ठीक दिसतो.

फुटकी वाहिनी शोधायला चेंबर क्रमाने उघडायचे. या नमुन्यात चौदा चेंबर, इमारतीकडून प्रकल्पाकडे क्रमांक दिलेले. भरतीनंतर तासाभराने प्रत्येकात मीटर बुडवायचा, तोही झाकणाशी उभे राहून दोरीला बांधलेल्या मगाने नमुना वर काढून. आठव्यापर्यंत ८५०, नवव्यात ९५०, दहाव्यात ४,०००, अकराव्यात ९,०००. म्हणजे दोष नऊ ते अकराच्या मध्ये, खाडीच्या बाजूच्या कंपाउंड भिंतीलगत. खात्रीसाठी नवव्याच्या बाहेरच्या तोंडात हवेचा फुगा बसवून वरचे पाणी थांबवायचे; तरी अकराव्यात धार दिसत असेल तर वाद संपला. स्टोनवेअरचे पाइप, सिमेंटचे सांधे, खाली भराव. भराव दर वर्षी थोडा खचतो, चेंबर एका जागी बसून राहते, पाइप खाली जातो आणि सांधा चेंबरच्या भिंतीशीच उघडतो. दहापैकी आठ वेळा तिथेच.

एवढेसे पाणी एवढा गोंधळ का करते

एका उधाणाच्या रात्रीचा ताळेबंद मांडू. फ्लॅपमधून दोन तासांत १.४ घनमीटर खाडीचे पाणी, मेमध्ये त्याची वाहकता ४०,००० धरू. वाहिनीतून सहा तासांत २.४ घनमीटर मचूळ पाणी, २०,००० धरू. टाकीत आधीचे ८ घनमीटर आणि रात्रीचे अडीच घनमीटर सांडपाणी, दोन्ही ८०० चे. एकूण १४.३ घनमीटर, वाहकता सुमारे ७,९००. दिवसाच्या एकूण आवकेत ही वाढ पाच टक्के. प्रवाह मोजणारा माणूस याकडे बघणारही नाही.

सकाळी सहाला पंप सुरू झाला की हे १४ टक्के खारे पाणी गोड पाण्याने भरलेल्या टाक्यांत जाते. सेटलरमध्ये खारे पाणी जड म्हणून तळाशी घुसते आणि वरच्या गोड पाण्याला, तळाच्या हलक्या गाळासकट, वर ढकलते. घनतेतला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण शांत टाकीत तेवढा पुरतो. सेटलर आधी का बिघडतो, जिवाणूंना काही होण्याआधीच का बिघडतो, ते यातून कळते. उलट दिशेनेही हेच: सेटलर खारा झालेला असताना दहाच्या सुमारास गोड पाणी आले तर ते वरच्या वर सरळ वेअरकडे धावते आणि मुक्काम दोन तासांऐवजी पंधरा-वीस मिनिटांचा होतो.

जिवाणूंचा प्रश्न खारटपणाचा कमी, चढ-उताराचा जास्त. लिटरला दहा ग्रॅमपर्यंतचे स्थिर खारे पाणी एमबीबीआरचा थर काही आठवड्यांत अंगवळणी पाडून घेतो. पण आज ८००, उद्या ८,०००, परवा पुन्हा ८०० अशा झोक्याला पेशी फुटतात, त्यांतली प्रथिने पाण्यात येतात, तोच तो पांढरा फेस. मीडियावरचा थर सुटतो आणि सेटलरवर आणखी भार टाकतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत सावकाश वाढणारे. बीओडी आठवड्यात सावरते. अमोनियाला तीन-चार आठवडे लागतात. उधाण दर पंधरवड्याला येते. त्यामुळे खाडीकाठच्या अशा प्रकल्पात नायट्रिफिकेशन बसतच नाही, आणि अहवालात अमोनिया कायम वर का, हे कोणाला सांगता येत नाही.

आता वास. ऑक्सिजन नसेल तर जिवाणू सल्फेट वापरतात आणि दर ३ मिग्रॅ सल्फेटामागे १ मिग्रॅ सल्फाइड-गंधक तयार होते. ३८० मिग्रॅ सल्फेटचा तिसरा हिस्सा जरी गेला तरी लिटरला ४० मिग्रॅच्या आसपास. वीजबिल वाचवायला टायमर लावून रात्री बारा ते पाच ब्लोअर बंद ठेवणे ही सोसायट्यांतली सर्वमान्य रीत आहे. नेमकी त्याच वेळात उधाणाची भरती आली की समतोल टाकी हायड्रोजन सल्फाइडचा कारखाना होते. हेच सल्फाइड पुढे हायपो खाऊन टाकते. एक मिग्रॅ सल्फाइड पूर्ण ऑक्सिडाइझ करायला जवळपास नऊ मिग्रॅ क्लोरीन लागतो, म्हणून शिल्लक शून्य. टाकीच्या छताखालच्या ओलाव्यात या वायूचे गंधकाम्ल होते आणि स्लॅबच्या खालच्या अंगाचे काँक्रीट भुसभुशीत होते. पाण्याखालची भिंत मात्र ठणठणीत असते, म्हणून टाकी भरलेली असताना केलेली तपासणी काही दाखवत नाही.

लोखंडाचे हाल वेगळेच. मीडिया अडवणाऱ्या जाळ्या बहुधा ३०४ स्टीलच्या असतात. हे स्टील क्लोराइड २०० मिग्रॅ/लिच्या आत असेल तोवर बरे, ३१६ साधारण हजारापर्यंत. २,७०० ला दोन्हींना टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात, वेल्डपाशी आधी. जाळी फाटली की मीडिया सेटलरमध्ये आणि तिथून गाळाच्या पंपात. खाडीकाठी जाळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या आणि पायवाटा एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या), एवढे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. विद्युत पॅनेल टाकीच्या खोलीत असेल तर तांब्याचे संपर्क सल्फाइडने काळे पडून ब्लोअर विनाकारण ट्रिप होऊ लागतो. पॅनेलला वेगळी खोली हवी.

प्रयोगशाळेच्या कागदावर विश्वास किती

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात काय लिहिले आहे ते आधी पाहावे. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० मिग्रॅ/लि होती. राष्ट्रीय हरित लवादाच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने ती १० वर, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) ५० वर आणली. सोसायटीला बांधील असतो तो तिच्या संमतीपत्रातला आकडा.

पण खारा नमुना तिन्ही मुख्य चाचण्या बिघडवतो. सीओडीच्या डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडही ऑक्सिडाइझ होते, दर मिग्रॅला ०.२२६ मिग्रॅ सीओडी. २,७०० क्लोराइड न दाबता चाचणी केली तर सहाशेपर्यंत खोटी सीओडी येऊ शकते. त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट क्लोराइडच्या दहापट वजनाने घालतात, आणि नेहमीची पद्धत २,००० मिग्रॅ/लि क्लोराइडपर्यंतच भरवशाची. निलंबित कणांच्या चाचणीत कागद शुद्ध पाण्याने नीट धुतला नाही तर त्यावरचे मीठच वजनात धरले जाते. बीओडीत मात्र उलट: बाटलीतले बीज खाऱ्या पाण्याला सरावलेले नसेल तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून बीओडी १२ आणि सीओडी १८० अशी विसंगत जोडी दिसली की पहिला प्रश्न क्लोराइड किती, हा. नमुन्याच्या चिठ्ठीवर वाहकता आणि भरतीची वेळ लिहून द्यायला दोन मिनिटे लागतात.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा. आधी ओव्हरफ्लो, कारण तो एका दिवसाचा आहे. बिजागरीचा फ्लॅप काढून चोचीच्या आकाराचा रबरी व्हॉल्व्ह बसवावा. त्यात सांधा किंवा पिन नाही, बारीक कचरा अडकला तरी ओठ त्याच्याभोवती मिटतात. तो उघडायला आतून थोडा दाब लागतो, तेव्हा ओव्हरफ्लोची पातळी तेवढी उचलता येते का ते तपासावे. पाइपचा तळ ४.२ ऐवजी ५ मीटरच्या वर नेता आला तर सर्वांत चांगले, पण समतोल टाकीला येणारी वाहिनी खोल असते, तेवढी उंची बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

वाहिनी नऊ ते अकरा पूर्ण बदलायची, सांध्यांना ठिगळे लावायची नाहीत. स्टोनवेअर काढून बट-वेल्ड केलेला (टोकाला टोक वितळवून जोडलेला) एचडीपीई प्लास्टिकचा पाइप. चेंबरच्या भिंतीतून जाताना पाइपभोवती रबरी पडल कॉलर (पाणी अडवणारे कडे), आणि चेंबरच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरवर एकेक लवचीक जोड, म्हणजे भराव खचला तरी पाइप मोडत नाही. विटांचे चेंबर जागीच ठेवायचे असेल तर आतून प्लास्टर पुरत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो, प्लास्टर पापुद्र्यासारखे सुटते. आधी झटपट बसणाऱ्या सिमेंटने वाहती भोके बंद, मग पॉलियुरेथेनचे इंजेक्शन, मग आतले लेपन. नवे काँक्रीट घालायचे तर स्लॅग सिमेंट, एम-३० किंवा वरचे, सळईवर ५० मिमी आवरण.

काम भांगाच्या दिवसांत, ओहोटीच्या पाच-सहा तासांत. तारखा भरतीच्या तक्त्यावरून ठरवायच्या, कंत्राटदाराच्या सवडीवरून ठरवल्या की खड्डा पाण्याने भरतो आणि पाइप पाण्यातच गाडला जातो.

समतोल टाकीच्या भिंतीतूनही गळती असेल आणि ती रिकामी करायचा विचार असेल तर थांबा, वजन करा. बाहेरची मापे ५ × ४ × ३.५ मीटर, जमिनीच्या पातळीपर्यंत भूजल चढले तर टाकी ७० घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे ७० टनांचा वरचा रेटा. ३०० मिमी तळ, २५० मिमी भिंती, २०० मिमी छत मिळून काँक्रीट सुमारे २२.७ घनमीटर, वजन ५७ टन. तेरा टनांचा तोटा. रिकामी टाकी उचलली जाते, सगळे पाइप तोडते आणि पुन्हा जागेवर बसत नाही. तळाला बाहेर ३०० मिमीची कड काढून तिच्यावर मातीचे वजन घेतलेले असेल तर धोका कमी होतो. नकाशात ती आहे का ते पाहावे. नसेल तर पावसाळ्यात टाकी रिकामी करण्याचे नावच काढू नये. करायची झाल्यास मार्च-एप्रिलमध्ये, भांगाला, बाजूच्या खड्ड्यातून भूजल उपसत ठेवून.

आणि चेंबरात किंवा टाकीत माणूस उतरवायचा नाही. सल्फाइड वाढलेल्या टाकीत १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणेच बंद होते, म्हणून ‘आता वास नाही’ ही धोक्याची खूण आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकी वा मलवाहिनीत माणूस उतरवणे गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. टाकीच्या आतून इंजेक्शन करणे अटळच असेल तर तासभर जबरीने हवा खेळवणे, चार वायूंचा मीटर दोरीने खाली सोडून वाचन, तिपाई, हार्नेस, वर दोन माणसे, असे काम करणाऱ्या यंत्रणेलाच ते द्यावे.

दुरुस्तीनंतरचे सहा आठवडे

खारे पाणी थांबले म्हणजे प्रकल्प दुसऱ्या दिवशी सुधारतो असे नाही. पहिला आठवडा पंपाचा वेग ताशी ३ घनमीटरवर बांधून ठेवायचा. सकाळी टाकी भरली म्हणून ऑपरेटरने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर सेटलर पुन्हा उसळतो. ब्लोअर चोवीस तास. पुन्हा टायमर लावायचाच असेल तर समतोल टाकीला दर तासाला वीस मिनिटे हवा मिळेल असा, सलग पाच तासांची बंदी नको. जवळच्या नीट चालणाऱ्या प्रकल्पाचा ताजा गाळ दोन-तीन घनमीटर टँकरने मिळाला तर नायट्रिफिकेशन लवकर बसते.

इथे मुंबईच्या मऊ पाण्याची अडचण येते. एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना ७ मिग्रॅहून थोडी जास्त क्षारता खर्च होते. लिटरमागे ३२ मिग्रॅ नायट्रोजन बदलायचा तर सव्वादोनशे. सांडपाण्यात तेवढी नसेल तर पीएच ६.५ खाली जातो आणि अमोनिया अर्ध्यावर अडकतो. तेव्हा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दिवसातून दोन-तीन हप्त्यांत. पीएच ७ च्या वर टिकेल एवढाच. चुना स्वस्त पडतो पण तळाशी बसतो आणि हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरवर पापुद्रा धरतो.

बागेसाठी वेगळी मर्यादा ठेवावी. शुद्ध पाण्याची वाहकता २,५०० च्या वर गेली की बागेचा व्हॉल्व्ह बंद, फ्लशिंग चालू राहू द्यावे. हिरवळीची टोके पिवळी पडेपर्यंत थांबले तर जमिनीत सोडियम बसलेला असतो आणि तो धुवायला गोडे पाणीच लागते. काही विक्रेते इथे आरओ सुचवतात. गळती शिल्लक ठेवून आरओ बसवणे म्हणजे खाडी गाळून प्यायला घेण्यासारखे; शिवाय नाकारलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच.

ऑपरेटरच्या वहीत चार रकाने वाढवायचे: सकाळी सहाची समतोल टाकीची वाहकता, त्या दिवशीच्या मोठ्या भरतीची उंची, पहाटेची पातळीवाढ, चोच-व्हॉल्व्ह साफ केल्याची सही. वर्षभराची वही हाताशी असली की ऋतूचा एक चकवाही उलगडतो. खारटपणा सर्वांत जास्त मेमध्ये असतो, पण शिरणारे पाणी सर्वांत जास्त जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाने भूजल चढते आणि गोडे होते, त्यामुळे वाहकता ८०० वर शांत दिसत असताना पहाटेची पातळी मात्र ताशी सात-आठ सेंमी चढत असते. नुसता मीटर पाहणारा म्हणतो गळती थांबली. म्हणून जून ते सप्टेंबर पातळी पाहायची, ऑक्टोबर ते मे वाहकता. आणि दुरुस्ती खरोखर झाली का याची कसोटी पुढच्या मे महिन्यातल्या साडेचार मीटरवरच्या भरतीच्या रात्री घ्यायची. तोपर्यंत कंत्राटदाराच्या बिलातला दहा टक्के हिस्सा रोखून ठेवण्याची अट करारात असावी.